तुरुंगाबाहेरची शिक्षा आणि अपिलाची कसोटी

फौजदारी खटल्यात आरोपी दोषी आहे की निर्दोष, या प्रश्नाभोवतीच समाजाचे बहुतेक लक्ष एकवटलेले असते. दोष सिद्ध झाल्यावर त्या माणसाला किती आणि कोणत्या स्वरूपाची शिक्षा द्यावी, ती ठरवताना न्यायाधीशाला कितपत मोकळीक असावी आणि त्या मोकळिकीवर वरिष्ठ न्यायालयाने कोठपर्यंत अंकुश ठेवावा, हे प्रश्न न्यायाच्या दृष्टीने तितकेच मोलाचे असूनही त्यांची चर्चा क्वचितच होते. अमेरिकेच्या संघराज्यीय न्यायव्यवस्थेत गेली चार दशके या प्रश्नांचा सतत खल चालू आहे. कारावास भोगून बाहेर पडलेल्या माणसावर न्यायालय पुढेही अनेक वर्षे अटी लादू शकते आणि त्या अटी मोडल्यास त्याला पुन्हा तुरुंगात धाडू शकते, त्यामुळे तेथे या चर्चेला विशेष धार आली आहे. या साऱ्या प्रवासातून एक सूत्र ठळकपणे पुढे येते. अपिलाचा हक्क कागदावर कितीही भक्कम असला, तरी शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाने आपली कारणे नोंदवली नसतील, तर वरिष्ठ न्यायालयापुढे तपासण्यासारखे काही उरतच नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतंत्र न्यायव्यवस्था आहे आणि तिच्या जोडीला संघराज्याची वेगळी व्यवस्था आहे. अमली पदार्थांचा व्यापार, टपालाची चोरी, बँकांची फसवणूक, बेकायदा शस्त्रे बाळगणे अशा गुन्ह्यांचे अनेक खटले संघराज्यीय न्यायालयांत चालतात. या व्यवस्थेत ९४ जिल्हा न्यायालये असून त्यांच्या निकालांवरील फौजदारी अपिले प्रदेशवार विभागलेल्या १२ अपिलीय न्यायालयांकडे जातात. या न्यायालयांना तेथे ‘सर्किट’ म्हणतात आणि त्यांच्या वर सर्वोच्च न्यायालय आहे. पुढील सर्व विवेचन या संघराज्यीय व्यवस्थेपुरते आहे.

मर्यादेच्या आतली मोकळीक

१९८४ पूर्वी प्रत्येक गुन्ह्यासाठी कायद्याने शिक्षेची कमाल मर्यादा घालून दिलेली असे आणि त्या मर्यादेच्या आत किती वर्षे सुनावायची, हा सर्वस्वी न्यायाधीशाच्या विवेकाचा भाग मानला जाई. सुनावलेली शिक्षा कायद्याच्या मर्यादेत आहे एवढे दिसले की अपिलीय तपासणी तेथेच संपते, हे सर्वसाधारण तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली पुन्हा एकदा सांगितले होते. त्यामुळे एकाच प्रकारच्या गुन्ह्यासाठी एका न्यायाधीशाने दोन वर्षे आणि शेजारच्या दालनातील दुसऱ्याने दहा वर्षे दिली, तरी या तफावतीबद्दल दाद मागण्याची सोय जवळजवळ नव्हती. न्यूयॉर्कमधील संघराज्यीय न्यायाधीश मार्विन फ्रँकेल यांनी १९७३ मध्ये ‘क्रिमिनल सेंटेन्सेस : लॉ विदाउट ऑर्डर’ हे पुस्तक लिहून या स्थितीवर कडक टीका केली. न्यायदानाच्या इतर प्रत्येक टप्प्यावर नियम आणि कारणमीमांसा बंधनकारक असताना माणसाच्या स्वातंत्र्याचा थेट फैसला करणारा हा टप्पा मात्र नियमांवाचून राहतो, हा त्यांच्या टीकेचा गाभा होता आणि पुढच्या सुधारणांचा पाया त्यावरच रचला गेला.

प्रत्यक्ष तुरुंगवास किती, हेही त्या काळी न्यायाधीशाच्या हाती पूर्णपणे नव्हते, कारण मुदतीपूर्वी कैद्याला सोडण्याचा निर्णय पॅरोल आयोग घेत असे. महाराष्ट्रातील तुरुंगांत पॅरोल, म्हणजेच अभिवचन रजा, ही कैद्याला घरच्या आजारपणासारख्या कारणासाठी मिळणारी तात्पुरती रजा असते आणि ती संपली की त्याला परतावे लागते. अमेरिकेतील पॅरोल ही उरलेली शिक्षा बाहेर राहून, देखरेखीखाली पूर्ण करण्याची सवलत होती.

१९८४ च्या शिक्षासुधारणा कायद्याने हे चित्र पालटले. या कायद्याने संघराज्यीय गुन्ह्यांसाठी पॅरोल बंद केला, शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वे ठरवण्यासाठी ‘सेंटेन्सिंग कमिशन’ हा आयोग नेमला, शिक्षेविरुद्ध अपील करण्याचा हक्क आरोपी आणि सरकार या दोघांनाही दिला आणि पॅरोलच्या जागी ‘सुपरवाइज्ड रिलीज’, म्हणजे देखरेखीखालील सुटका, ही नवी तरतूद आणली. आयोगाची तत्त्वे १ नोव्हेंबर १९८७ पासून लागू झाली. त्यांचा मुख्य भाग म्हणजे एक कोष्टक आहे. त्यात एका बाजूला गुन्ह्याच्या गांभीर्याच्या ४३ पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूला आरोपीच्या पूर्वगुन्ह्यांनुसार केलेले ६ वर्ग असून, या दोहोंच्या छेदावर महिन्यांत मोजलेली किमान आणि कमाल शिक्षा दिलेली असते. अमली पदार्थांचे वजन किती होते, शस्त्र वापरले का, आरोपीने तपासात अडथळा आणला का, अशा बाबींनुसार पायरी वर-खाली सरकते.

सक्तीकडून सल्ल्याकडे

ही तत्त्वे आरंभी बंधनकारक होती आणि त्यांतून एक नवाच अन्याय उभा राहिला. ज्यूरीने म्हणजे नागरिकांच्या पंचमंडळाने आरोपीला विशिष्ट गुन्ह्यासाठी दोषी ठरवले, तरी शिक्षा वाढवणाऱ्या अनेक बाबी न्यायाधीश एकटाच आणि पुराव्याच्या सौम्य कसोटीवर ठरवीत असे. १२ जानेवारी २००५ रोजी निकाली निघालेल्या बुकर खटल्यात हा दोष स्पष्ट झाला. ज्यूरीने ग्राह्य धरलेल्या कोकेनच्या वजनावरून तत्त्वांनुसार आरोपीला जास्तीत जास्त २१ वर्षे १० महिने शिक्षा होऊ शकत होती. न्यायाधीशाने मात्र ज्यूरीसमोर कधीच न आलेले आणखी ५६६ ग्रॅम कोकेन हिशेबात धरले, आरोपीने न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचाही निष्कर्ष काढला आणि ३० वर्षांची शिक्षा दिली. शिक्षा वाढवणाऱ्या बाबी ज्यूरीने ठरवाव्यात हा आरोपीचा हक्क संविधानाने दिलेला असल्याने अशी बंधनकारक पद्धत टिकू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले. त्यावरचा उपाय म्हणून वेगळ्या पाच न्यायाधीशांच्या बहुमताने मार्गदर्शक तत्त्वे कायम ठेवून त्यांची सक्ती काढून टाकली आणि यापुढे अपिलीय न्यायालयांनी शिक्षा ‘वाजवी’ आहे की नाही एवढेच पाहावे, असे सांगितले.

वाजवी म्हणजे काय, याचे उत्तर पुढच्या तीन वर्षांत आकाराला आले. जून २००७ च्या रीटा खटल्यात तत्त्वांच्या चौकटीतली शिक्षा वाजवी असल्याचे अपिलीय न्यायालयाला गृहीत धरता येईल, असे ठरले. त्यानंतर १० डिसेंबर २००७ रोजी गॉल खटल्यात चौकटीबाहेरच्या शिक्षेची कसोटी निश्चित झाली. या खटल्यातील आरोपी आयोवा विद्यापीठात शिकत असताना अमली गोळ्या विकणाऱ्या टोळीत काही महिने सामील झाला होता. पुढे तो आपणहून बाहेर पडला, त्याने पदवी मिळवली आणि तो कामधंद्याला लागला. त्यानंतर काही वर्षांनी त्याच्यावर खटला भरला गेला. तत्त्वांनुसार त्याला ३० ते ३७ महिने कारावास व्हायला हवा होता. जिल्हा न्यायाधीशाने त्याच्या बदललेल्या आयुष्याची सविस्तर नोंद करून त्याला ३६ महिन्यांच्या परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, ठेवले. अपिलीय न्यायालयाने चौकटीपासून इतके दूर जाण्यासाठी तितकेच असाधारण कारण लागते, असे म्हणून ही शिक्षा रद्द केली. पण सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी जिल्हा न्यायाधीशाचा निर्णय पुन्हा कायम केला.

गॉलने घालून दिलेली पद्धत दोन पायऱ्यांची आहे आणि आज प्रत्येक अपील तिच्यावरच घासून पाहिले जाते. पहिल्या पायरीवर प्रक्रियेतील चुका पाहिल्या जातात. न्यायाधीशाने कोष्टकातील हिशेब बरोबर केला का, कायद्याने सांगितलेले सर्व घटक विचारात घेतले का, चुकीच्या वस्तुस्थितीवर भिस्त ठेवली का आणि शिक्षेची पुरेशी कारणे दिली का, हे प्रश्न येथे येतात. या घटकांत गुन्ह्याचे स्वरूप, आरोपीचा पूर्वेतिहास, इतरांना बसणारा वचक, समाजाचे संरक्षण, आरोपीच्या शिक्षणाची वा उपचारांची गरज आणि समान गुन्हेगारांमधील तफावत टाळणे यांचा समावेश होतो. शिक्षा या हेतूंसाठी पुरेशी असावी, पण आवश्यकतेपेक्षा अधिक नसावी, हे त्यामागचे अधिष्ठान आहे. प्रक्रिया निर्दोष ठरली तरच दुसरी पायरी येते आणि तेथे शिक्षेच्या एकूण प्रमाणाचा विचार होतो. या पायरीवर अपिलीय न्यायालय फारच सावध असते. आरोपीला समोर पाहणारा, साक्षी ऐकणारा आणि प्रकरणाचे सर्व पदर जाणणारा न्यायाधीश खालच्या न्यायालयात असतो, म्हणून वरिष्ठ न्यायालयाला स्वतः वेगळी शिक्षा दिली असती असे वाटणे हस्तक्षेपासाठी पुरेसे ठरत नाही.

यामुळे निव्वळ प्रमाणाच्या मुद्द्यावर शिक्षा रद्द होणे दुर्मीळ आहे आणि प्रक्रियेतील चुकांवर यशस्वी होणारी अपिले तुलनेने अधिक आहेत. वरवर पाहता ही कसोटी दुबळी वाटते. परंतु खालच्या न्यायाधीशाला इतकी मोकळीक देण्याचे समर्थन केवळ एका अटीवर टिकते आणि ती अट म्हणजे त्याने आपल्या विचाराची वाट उघड करून दाखवणे. गॉलची शिक्षा टिकली ती सौम्य होती म्हणून नव्हे; ती सौम्य का असावी, हे न्यायाधीशाने मुद्देसूद लिहून ठेवले होते म्हणून ती टिकली.

देखरेखीखालील सुटका

कारावासाच्या महिन्यांचा हिशेब इतक्या काटेकोरपणे मांडणाऱ्या या व्यवस्थेत देखरेखीखालील सुटकेकडे मात्र दीर्घकाळ दुय्यम बाब म्हणून पाहिले गेले. पॅरोल हा मूळ शिक्षेचाच उरलेला तुकडा होता, तर देखरेखीची मुदत ही पूर्ण कारावास भोगून झाल्यावर सुरू होणारी अतिरिक्त मुदत आहे. गुन्ह्याच्या वर्गानुसार ती सर्वसाधारणपणे एक, तीन किंवा पाच वर्षांपर्यंत असते. काही अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत ती याहून लांबते आणि बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांत किमान पाच वर्षांपासून आजन्म असू शकते. अमेरिकेत कोणत्याही वेळी एक लाखाहून अधिक माणसे अशा संघराज्यीय देखरेखीखाली असतात.

या काळातील अटींचे तीन थर असतात. पहिला थर कायद्याने सक्तीच्या केलेल्या अटींचा असून, नवा गुन्हा न करणे, अमली पदार्थ न बाळगणे, सुटकेनंतर १५ दिवसांत एक आणि पुढे किमान दोन वेळा अमली पदार्थांची चाचणी देणे अशा अटी त्यात येतात. दुसरा थर आयोगाने सुचवलेल्या सर्वसामान्य अटींचा आहे. सुटकेपासून ७२ तासांत परिवीक्षा अधिकाऱ्यापुढे हजर होणे, परवानगीवाचून न्यायालयाच्या जिल्ह्याबाहेर न जाणे, आठवड्याला किमान ३० तास काम करणे किंवा ते शोधणे, घर बदलायचे असल्यास १० दिवस आधी कळवणे, अधिकारी केव्हाही घरी वा अन्यत्र भेटीला आल्यास अडवणूक न करणे आणि ज्याला गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाल्याचे ठाऊक आहे अशा व्यक्तीशी परवानगीशिवाय संपर्क न ठेवणे, ही त्यांची काही उदाहरणे आहेत. ज्याचा सख्खा भाऊ शिक्षा भोगून आला आहे, त्याला भावाशी बोलण्यासाठीही अधिकाऱ्याची परवानगी लागते. ज्याचे घर जिल्ह्याच्या सीमेवर आहे, त्याला पलीकडच्या गावात काम मिळाले तरी परवानगीची वाट पाहावी लागते. तिसरा थर विशेष अटींचा आहे. त्या गुन्ह्यानुसार आणि व्यक्तीनुसार घातल्या जातात आणि त्यांत व्यसनमुक्तीच्या उपचारांपासून इंटरनेटवरील बंदीपर्यंत काहीही येऊ शकते.

सक्तीच्या अटी सोडल्या, तर बाकीच्या अटींसाठी कायद्याने तीन निकष ठेवले आहेत. अट गुन्ह्याशी, आरोपीच्या इतिहासाशी अथवा वचक, संरक्षण आणि पुनर्वसन या हेतूंशी सयुक्तिकपणे जोडलेली असावी. त्या हेतूंसाठी आवश्यक असेल त्याहून अधिक स्वातंत्र्य तिने हिरावू नये. आणि ती आयोगाच्या धोरणाशी सुसंगत असावी. अपिलीय न्यायालयांनी गेल्या दोन दशकांत या निकषांना जो आशय दिला, त्यात या विषयाचे खरे मर्म आहे.

अटींची तपासणी

सॅन फ्रान्सिस्कोतील एका टपालचोराच्या प्रकरणात न्यायाधीशाने दोन महिने कारावास आणि तीन वर्षे देखरेख सुनावताना अशी अट घातली, की आरोपीने गळ्यात फलक अडकवून टपाल कार्यालयाबाहेर आठ तास उभे राहावे. आपण टपाल चोरले आणि ही आपली शिक्षा आहे, असे त्या फलकावर लिहिलेले असणार होते. २००४ मध्ये नवव्या सर्किटने ही अट २ विरुद्ध १ मतांनी कायम केली. केवळ मानहानी हा हेतू असता तर अट टिकली नसती. पण पीडितांना क्षमापत्रे लिहिणे आणि शाळेत जाऊन आपल्या गुन्ह्याविषयी बोलणे यांच्या जोडीने ती आल्यामुळे आरोपीला आपल्या कृत्याची जाणीव करून देणे हा तिचा हेतू असल्याचे बहुमताने मान्य केले. माणसाला चारचौघांत लाजवणे हाच या अटीचा परिणाम असून त्यातून सुधारणा साधत नाही, असे भिन्नमत देणाऱ्या न्यायाधीशाने नोंदवले. अट टिकली असली, तरी तिच्या बाजूने आणि विरुद्ध झालेला हा युक्तिवाद न्यायाधीशाने नोंदलेल्या हेतूवर उभा होता, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये एका लैंगिक गुन्ह्यातील अट मात्र रद्द केली. त्या अटीनुसार आरोपीला पूर्वपरवानगीशिवाय अठरा वर्षांखालील कोणाच्याही सहवासात राहण्यास मनाई होती आणि त्यात त्याच्या स्वतःच्या मुलींचाही समावेश होता. शिवाय लहान मुले असलेल्या व्यक्तीशी, म्हणजे ज्या स्त्रीशी त्याचा विवाह ठरला होता तिच्याशीही, संबंध ठेवण्यास बंदी होती. पित्याने आपल्या मुलांसोबत राहणे हे मूलभूत स्वातंत्र्य आहे, म्हणून त्यावर गदा आणायची असेल तर त्या मुलींना या माणसापासून खरोखर धोका आहे असा पुराव्यावर आधारलेला विशिष्ट निष्कर्ष नोंदवावा लागतो आणि तसा निष्कर्ष नोंदीत कोठेच नाही, असे न्यायालयाने म्हटले. विशिष्ट गुन्ह्यातील प्रत्येक आरोपीला तीच ठरीव अट लावण्याच्या सवयीला या निकालाने मोठा चाप बसवला.

दुसरा मोठा दोष संदिग्धतेचा असतो, कारण अटीचा अर्थच कळत नसेल तर ती पाळायची कशी, हे त्या माणसाला समजत नाही आणि ती मोडली की नाही, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते. शिकागो येथील सातव्या सर्किटचे न्यायाधीश रिचर्ड पोझ्नर यांनी २०१४ च्या सीगल खटल्यात आणि त्यानंतरच्या काही निकालांत या दोषाचा सखोल समाचार घेतला. मनःस्थिती बदलणारा कोणताही पदार्थ घेऊ नये, असे शब्द अटीत असतील तर कॉफी, सिगारेट आणि चॉकलेटही त्यात मोडतील, हे त्यांनी दाखवून दिले, तसेच मद्याचे ‘अति’ सेवन म्हणजे किती, याची व्याख्या नसल्याचेही निदर्शनास आणले. आयोगाने २०१६ मध्ये आपल्या सर्वसामान्य अटींची फेररचना केली, तिला असे निकाल कारणीभूत होते. त्यानंतर या अटींची भाषा सोपी झाली आणि अटीचा भंग जाणूनबुजून झालेला असावा, ही अपेक्षा काही ठिकाणी स्पष्ट झाली.

तंत्रज्ञानाने हा प्रश्न आणखी बिकट केला आहे. ऑनलाइन गुन्हा केलेल्या माणसाला इंटरनेट कायमचे बंद करणे वरवर सयुक्तिक दिसते. पण नोकरीचा अर्ज, बँकेचे व्यवहार आणि सरकारी कामेही आता त्यावरच चालत असल्याने अशी बंदी त्याला समाजात परत येऊच देत नाही. उत्तर कॅरोलिना राज्याने नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगारांना समाजमाध्यमांवर केलेली सरसकट मनाई सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या पॅकिंगहॅम खटल्यात घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर २०१८ मध्ये तिसऱ्या सर्किटने एका आजन्म देखरेखीखालील आरोपीवरील संगणक आणि इंटरनेटच्या अटी परस्परविसंगत आणि गरजेपेक्षा व्यापक म्हणून रद्द केल्या. बंदी जितकी व्यापक, तितके तिचे समर्थन काटेकोर असले पाहिजे, हा या निकालांचा आशय आहे.

अटी कोणत्या हे आरोपीला कसे कळते, हा प्रश्नही किरकोळ नाही. अनेक न्यायालयांत शिक्षा तोंडी सुनावताना देखरेखीची मुदत सांगितली जाई आणि अटींची लांबलचक यादी नंतर लेखी आदेशात जोडली जाई. त्यामुळे वकिलाला त्यांना हरकत घेण्याची संधीच मिळत नसे. २०२० मध्ये चौथ्या सर्किटने रॉजर्स खटल्यात आणि पाचव्या सर्किटने डिगल्स खटल्यात सांगितले, की न्यायाधीशाच्या विवेकाधीन असलेल्या अटी आरोपीच्या उपस्थितीत उघड न्यायालयात सुनावल्या गेल्या पाहिजेत, किंवा किमान त्याच्या समोर असलेल्या दस्तऐवजाचा उल्लेख करून त्या स्वीकारल्याचे तेथेच स्पष्ट केले पाहिजे. माणसाला त्याची शिक्षा त्याच्या तोंडावर सांगितली जावी, हे तत्त्व यामुळे अटींनाही लागू झाले.

पुन्हा तुरुंगाकडे

अटींचे गांभीर्य सर्वांत तीव्रतेने जाणवते ते त्या मोडल्यावर. अटभंगाच्या सुनावणीत ज्यूरी नसते आणि आरोप निःसंशय सिद्ध व्हावा लागत नाही. भंग झाल्याची शक्यता न झाल्यापेक्षा अधिक आहे, एवढे न्यायाधीशाला पटले की पुरते. गुन्ह्याच्या वर्गानुसार एक ते पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो आणि त्यातून देखरेखीत घालवलेला काळ वजा होत नाही. म्हणजे तीन वर्षांच्या देखरेखीतील दोन वर्षे अकरा महिने एखाद्याने सर्व अटी पाळल्या आणि अखेरच्या महिन्यात त्याच्या हातून एक गंभीर अट मोडली, तरी तो त्याच्या वर्गाला लागू असलेल्या पूर्ण मुदतीसाठी तुरुंगात जाऊ शकतो आणि बाहेर आल्यावर त्याच्यावर नवी देखरेखही बसू शकते.

या अधिकारावर सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे दोन मर्यादा घातल्या. २०१९ च्या हेमंड खटल्यात देखरेखीतील विशिष्ट गुन्ह्यांसाठी ज्यूरीवाचून किमान पाच वर्षे कारावास सक्तीचा करणारी तरतूद ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द झाली. जून २०२५ च्या एस्टेरस खटल्यात ७ विरुद्ध २ मतांनी असे ठरले, की देखरेख रद्द करायची की नाही याचा विचार करताना न्यायालयाने मूळ गुन्ह्याबद्दल अद्दल घडवण्याचा हेतू मनात धरू नये. मूळ गुन्ह्याची शिक्षा आरोपीने आधीच भोगलेली असते. पुढे पाहायचे ते समाजाचे संरक्षण, वचक आणि त्या माणसाचे पुनर्वसन एवढेच. संसदेने कायद्यात प्रतिशोधाचा घटक या टप्प्यासाठी मुद्दाम वगळला आहे, हा त्यामागचा आधार होता. आयोगानेही २०२५ च्या सुधारणांत देखरेख आणि तिच्या अटी ठरवताना त्या-त्या व्यक्तीचे स्वतंत्र मूल्यमापन करण्यावर भर दिला.

अपिलाच्या वाटेतील अडसर

अपिलाचा हक्क असला तरी तो वापरता येतोच असे नाही. निकालानंतर आरोपीला अपिलाची सूचना देण्यासाठी केवळ १४ दिवस मिळतात. संघराज्यीय खटल्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी सरकारशी तडजोड करून गुन्हा कबूल करतात आणि त्या करारात अनेकदा अपिलाचा हक्कही सोडून देतात. खालच्या न्यायालयात वकिलाने वेळीच हरकत घेतली नसेल, तर अपिलात चूक उघड आणि ठळक असल्याचे, तिचा परिणाम झाल्याचे आणि ती तशीच ठेवल्यास न्यायदानाच्या प्रतिष्ठेला धक्का बसेल हेही दाखवावे लागते. या कठोरतेला सर्वोच्च न्यायालयाने दोन ठिकाणी ढील दिली आहे. कोष्टकाच्या हिशेबातील उघड चूक सर्वसाधारणपणे सुधारलीच पाहिजे, असे २०१८ मध्ये ठरले. आरोपीने कमी शिक्षेची मागणी केली असेल तर जास्त शिक्षेला त्याची हरकत होती हे वेगळे नोंदवण्याची गरज नाही, असे २०२० मध्ये ठरले. आरोपीला मोठा दिलासा देणारे आणखी एक तत्त्व २००८ च्या ग्रीनलॉ निकालातले आहे. सरकारने स्वतः अपील केले नसेल, तर केवळ आरोपीच्या अपिलावर वरिष्ठ न्यायालय त्याची शिक्षा वाढवू शकत नाही. दाद मागायला गेलेल्या माणसाला दाद मागितल्याचीच शिक्षा मिळू नये, ही त्यामागची साधी न्यायबुद्धी आहे.

भारतासाठी या चर्चेचा अर्थ

भारतात शिक्षेचे असे कोष्टक नाही आणि पूर्ण कारावास भोगलेल्या माणसावर सर्रास देखरेख ठेवण्याची अमेरिकेसारखी व्यवस्थाही नाही. दोषी ठरलेला आरोपी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१५ खाली अपील करू शकतो आणि शिक्षा अपुरी असल्याची तक्रार घेऊन सरकार कलम ४१८ खाली वर जाऊ शकते. तुरुंगाबाहेरच्या अटी मात्र येथेही आहेत. त्या १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात आहेत, शिक्षामाफीच्या आदेशांत आहेत आणि जामिनाच्या आदेशांत तर त्या रोजच घातल्या जातात. त्यांची तपासणी करताना भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने गेल्या काही वर्षांत वापरलेली तर्कपद्धती अमेरिकेतील सर्किट न्यायालयांच्या पद्धतीशी विलक्षण जुळते.

न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील एक जामिनाची अट रद्द केली. विनयभंगाच्या आरोपीने तक्रारदार स्त्रीच्या घरी जाऊन तिच्याकडून राखी बांधून घ्यावी, अशी ती अट होती. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने जुलै २०२४ मध्ये आरोपीने गुगल नकाशावरून आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दाखवत राहावे, ही अट खासगीपणाच्या हक्काचा भंग म्हणून काढून टाकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती ओक आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या खंडपीठाने गुजरातमधील शिक्षामाफीच्या आदेशातील ‘सभ्यपणे वागावे’ ही अट रद्द ठरवली, कारण सभ्यपणाची व्याख्या कोठेही नसल्याने ती अट अधिकाऱ्यांच्या लहरीवर सोडली गेली असती. अट मोडल्याचा नुसता आरोप झाला म्हणून माफी आपोआप रद्द होत नाही, त्या माणसाला नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे, हेही त्यांनी स्पष्ट केले. राखीच्या अटीत प्रश्न हेतूशी असलेल्या संबंधाचा होता, नकाशाच्या अटीत गरजेपेक्षा अधिक हिरावलेल्या स्वातंत्र्याचा आणि सभ्यतेच्या अटीत संदिग्धतेचा. हेच तीन प्रश्न अमेरिकेतील न्यायालयेही विचारत आली आहेत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने समाजसेवा ही काही किरकोळ गुन्ह्यांसाठी शिक्षा म्हणून प्रथमच स्वीकारली आहे. तुरुंगाबाहेर भोगायची शिक्षा आता भारतीय कायद्याचा अधिकृत भाग झाली आहे आणि पुढील काळात तिचा विस्तारच होईल. कोणते काम, किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या हेतूने, हे प्रत्येक न्यायदंडाधिकाऱ्याने आदेशात लिहायला हवे. आरोपीला त्या अटी त्याच्या भाषेत समजावून सांगितल्या जायला हव्यात आणि त्यांचा भंग ठरवण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकले जायला हवे. अमेरिकेला ही शिस्त अंगी बाणवायला चाळीस वर्षे लागली आणि तीही हजारो माणसांनी अपुऱ्या कारणांच्या अटींखाली आयुष्याची वर्षे काढल्यानंतर. भारताला तीच चूक करून शिकण्याची गरज नाही. शिक्षा कठोर असावी की सौम्य, याबद्दल समाजात मतभेद राहणारच. पण ती कोणत्या कारणासाठी दिली, हे विचारण्याचा हक्क गुन्हेगार ठरलेल्या माणसालाही आहे, आणि त्या प्रश्नाचे लेखी, तपासता येण्याजोगे उत्तर देणे हे शिक्षा देण्याचा अधिकार हाती असलेल्या प्रत्येक न्यायाधीशाचे पहिले कर्तव्य आहे.